कारंजं वीतभर उंच

अक्काला धुराडं हवं होतं आणि रावसाहेबांना कारंजं. घर एकच, पैसा एकाच्याच हातात, आणि काम करून घेणारा मी. पुढे काय झालं असेल ते सांगायची खरं म्हणजे गरज नाही. पण मी सांगणार आहे, कारण आमच्या नात्यागोत्यात अजूनही त्या घराच्या डागडुजीचं कौतुक चालतं आणि ते कानावर पडलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

अक्का माझी थोरली बहीण. ठाण्यात, तलावामागच्या आळीत दिलेली. तिचे यजमान कलेक्टरकचेरीत वरच्या जागेवर होते. सरकारनं त्यांना रावसाहेब केलं त्या दिवसापासून त्यांची आईसुद्धा त्यांना रावसाहेब म्हणू लागली, मग माझी काय कथा. मी राहायला कल्याणात, नोकरीला आगगाडीच्या इमारतखात्यात ओव्हरसियर. गुदामं, फलाटांच्या भिंती, इंजिनांना पाणी देणाऱ्या टाक्यांचे चौथरे, हे माझं रोजचं काम. नात्यात ओव्हरसियर असला की तो फुकट असतो. रावसाहेबांनी घर दुरुस्तीला काढलं तेव्हा मला विचारलं नाही, नुसतं कळवलं, की रविवारी पहिल्या गाडीनं या.

मी गेलो तो अक्कासाठी. तिचे डोळे तेव्हा नुसते लाल असायचे. त्या घराचं स्वयंपाकघर मागे, विहिरीच्या अंगाला, खुजं आणि अंधारं. सासूबाईंचं सोवळं कडक, म्हणून अक्का पहाटे अंगावर पाणी घेऊन ओलेत्यानं जी आत शिरायची ती पानं उठेपर्यंत चुलीपुढे. धूर बाहेर जायला वर कौलांत हातभर उचललेली फट आणि विहिरीकडच्या भिंतीत एक झरोका, एवढीच सोय. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं आणि रावसाहेबांना स्वच्छ सांगितलं, की औषध वरवरचं आहे, धूर थांबला नाही तर नजर जाईल. मी तिथेच उभा होतो. रावसाहेबांनीही ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांच्या भिंतीवरचं पावसाचा अंदाज सांगणारं यंत्र कुठून आणलं, असं विचारलं.

अक्कानं नवऱ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. या वेळी मागितलं. घराला हात लागतोच आहे तर चुलीवर विटांचं धुराडं बांधून द्या, एवढंच. रावसाहेब म्हणाले, सगळ्यात आधी तेच. माझ्यासमोर म्हणाले. मी त्याच दुपारी गवंड्याला घेऊन भिंतीवर गेरूनं धुराड्याची जागा आखली. गवंडी आत आला म्हणून सासूबाईंनी सगळं स्वयंपाकघर शेणानं सारवून घेतलं, तेही अक्काकडूनच. सारवता सारवता ती त्या गेरूच्या रेघेपाशी थांबली, डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं, आणि चेष्टेनं म्हणाली की सबंध घरात ही एक रेघ माझी. मी म्हटलं, महिनाभर थांब.

रावसाहेब मुळात वाईट नव्हते असं लोक म्हणतात. लोकांना त्यांच्या घरी जेवायला मिळायचं. मी मुळाशी गेलो नाही, मला वरून दिसलं तेवढं पुरे झालं. त्यांना लिलावाचा नाद होता. विलायतेला परत निघालेल्या साहेबांचं सामान मुंबईत फोर्टात लिलावाला निघे, आणि सुट्टीच्या दिवशी रावसाहेब डोक्याला पगडी चढवून तिथे हजर. नोकरीत साहेबापुढे मान वर करता येत नव्हती. लिलावात त्याच साहेबाच्या खुर्चीवर बोली लावता येत होती. त्यातलं सुख मला समजतं. पण त्यातून घरात आलेल्या वस्तूंसाठी भिंती मला फोडाव्या लागल्या. एक घड्याळ आलं, ज्यातून तास झाला की लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडायचा. ठाण्याची हवा लागल्यावर तो एकदा बाहेर आला तो परत आत गेलाच नाही. पावसाचं यंत्र आलं, ते आषाढात कोरडं दाखवायचं. किल्ली दिली की वाजणारी पेटी आली. प्रत्येक वस्तूला कोनाडा, प्रत्येकीला वेगळी खुंटी, आणि दर रविवारी मला नवा हुकूम. धुराड्याचं काढलं की म्हणत, हो हो, ते तर आहेच.

मग घंटा आली. दिवाणखान्यात रेशमी गोंड्याची दोरी ओढायची, ती तारेला जोडलेली, आणि तार भिंतीभिंतीनं जाऊन स्वयंपाकघरात घंटा वाजणार. साहेबांच्या बंगल्यात नोकरांना अशी हाक मारतात. रावसाहेबांच्या घरात नोकराला सोवळ्यात पाऊल टाकायची बंदी, तेव्हा त्या घंटेनं बोलावता येईल असं माणूस एकच होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, तेवढाच तुमच्या बहिणीचा हेलपाटा वाचेल. कोणता हेलपाटा वाचणार होता ते मला आजवर कळलेलं नाही. चौकटी ठेंगण्या आणि वर माळा, म्हणून ती तार दिवाणखान्यापासून माजघर आणि बोळ ओलांडून चुलीपर्यंत छातीच्या उंचीवरून न्यावी लागली. मी स्वतः उभा राहून तिच्या कड्या ठोकून घेतल्या. काम चांगलं झालं होतं, ते नाकारून काय करू.

कारंज्याचं खूळ तलावाकाठच्या एका पारशी शेटजींच्या बंगल्यावरून आलं. तिथे बागेत कारंजं होतं आणि त्याचं पाणी माणसाच्या डोक्याइतकं उडायचं. रावसाहेबांनी लिलावात एक शिशाचं कारंजं घेतलं, वर चोचीतून पाणी सोडणारा बगळा, खाली शिंपला, आणि त्याच्याबरोबर एक लोखंडी टाकी व हातपंप. कारंजं पुढच्या चौकात बसणार होतं. त्याला दाब हवा तर टाकी उंचावर हवी, आणि घरातली सगळ्यात जाड भिंत विहिरीकडची, म्हणजे स्वयंपाकघराची. तिथली कौलं उतरवायची, फळ्या, विटा आणि चुन्याचा कोबा घालून सपाट गच्ची करायची, आणि तिच्यावर टाकी. स्वयंपाकघर इतकं लहान की टाकी बसली म्हणजे गच्ची संपली. कौलांतली फट गेली, आणि माझी गेरूची रेघ जिथे वर चढायची तीही जागा गेली.

मी सांगितलं, टाकी गोठ्यावर ठेवू. गोठ्याची भिंतही दगडी आहे, विहिरीला तितकीच जवळ आहे, मी आगगाडीच्या टाक्या रोज बसवतो, जबाबदारी माझी. रावसाहेबांनी विचारलं, गोठा किती खाली आहे. मी म्हटलं, थोडा खाली आहे, कारंजं वीतभर कमी उडेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पगडीला हात घातला होता.

"वीतभर कमी म्हणजे शेटजींच्या बरोबरीचं," ते म्हणाले. "मग करायचंच कशाला?"

धुराचं काय, हा प्रश्न मी सोडला नाही. त्यावर त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढून शांतपणे सांगितलं की त्याची तजवीज झाली आहे. त्यांनी एक विलायती चूल घेतली होती. बिडाची, चारी बाजूंनी बंद, पुढे दारं, वर तवे, आणि धूर सगळा नळीतून थेट बाहेर. धुराड्याची गरजच काय मग. झरोक्यात त्या नळीपुरतं भोक ठेवा आणि बाकी चिणून टाका. लिलावात सांगितलं होतं की चूल कोरी आहे, एकदाही पेटलेली नाही. अक्काला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मी धुराड्याचा हट्ट सोडला. बंद चूल खरंच चांगली होती. विचार करून पाहिला तर धुराड्याहूनही चांगली. मी गच्ची बांधून घेतली, झरोका चिणून घेतला, टाकी चढवली.

चूल आगगाडीनं आली, स्टेशनावरून बैलगाडीनं. मिठागरावरचे सात-आठ आगरी गडी लागले ती उतरवायला. दिवस चैत्राचे, ऊन टळटळीत, आणि गाडी वाटेत बराच वेळ उन्हात उभी राहिलेली. चूल मागल्या अंगणात ठेवली, सासूबाई सोवळ्यानं दूर ओट्यावर, अक्का चौकटीत, शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी. रावसाहेबांनी स्वतः हातानं तिचं पुढचं दार उघडलं. आतून आधी वास आला. मग दिसलं. आतल्या जाळीला आणि तळाला चरबीचा जाड थर बसलेला होता आणि उन्हानं तो वितळून खाली टपकत होता. कसली चरबी ते कुणाला सांगायची गरज पडली नाही. ती साहेबाच्या बबर्चीखान्यातली चूल होती, आणि वर्षानुवर्षं पेटलेली.

सासूबाईंनी ओरडासुद्धा केला नाही. त्या वळल्या, विहिरीवर गेल्या, नेसत्या वस्त्रानिशी अंगावर घागरी ओतून घेतल्या आणि सांगितलं की ही वस्तू उंबऱ्याच्या आत आली तर मी या घरात पाण्याचा थेंब घेणार नाही. शास्त्रीबुवांना बोलावणं गेलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, लोखंड अग्नीत शुद्ध होतं, निखाऱ्यांत लाल करून काढा आणि गोमूत्र शिंपडा, म्हणजे झालं. मी लगेच तयार होतो, कल्याणच्या कारखान्यातून भाते आणवतो म्हटलं. सासूबाईंनी शास्त्रीबुवांना दक्षिणा दिली आणि वाटेला लावलं. मग ती नळी तरी घेऊ द्या, मी विनवलं, नळी तर नुसत्या धुराची आहे, ती जुन्या चुलीवर छत्री करून बसवतो. त्यांनी विचारलं, धूर कशाचा होता.

तेव्हा अक्कानं जुनीच चूल पेटवली. वरून गच्ची बंद, झरोका बंद. बाकीच्या तीन भिंतींपैकी एकीपलीकडे देवघर, दुसरीपलीकडे बोळ आणि माजघर, तिसरी भाऊबंदांशी सामायिक. आणि झरोक्यात नळीसाठी ठेवलेलं जे भोक होतं त्यातून रावसाहेबांनी पंपाचा नळ आत घेऊन कोपऱ्यातून वर टाकीला नेला, कारण बाहेरून नळ दिसला तर घराची शोभा जाते. मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून धूर बोळात आणि माजघरात लोटत होता आणि आत अक्का दिसत नव्हती, नुसता तिच्या खोकल्याचा आवाज येत होता.

मी रावसाहेबांकडे गेलो. टाकीच्या भाराखालच्या भिंतीत आता चिणलेला झरोका फोडणं किंवा नवं भोक पाडणं धोक्याचं होतं, तेव्हा उपाय एकच: टाकी गोठ्यावर न्यायची आणि गच्ची फोडायची. डॉक्टरांचे शब्द मी पुन्हा सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पानसुपारी आटोपू द्या. वास्तुशांत आणि पानसुपारी मिळून मोठा समारंभ ठरला होता, कलेक्टरसाहेब मेमसाहेबांसह येणार होते, ते कारंजं बघायला येणार होते. एवढं झालं की लगेच टाकी हलवू, शब्द दिला. मी तो अक्काला सांगितला. ती म्हणाली, "शब्द आधीचाही होता. तो कुठे ठेवलाय बघ, त्याच कोनाड्यात हाही ठेव."

समारंभाच्या दिवशी करंज्या, चिरोटे, शेवेचे घाणे सकाळपासून चालले होते. बाहेर चौकात बगळ्याच्या चोचीतून पाणी उडत होतं, मागे दोन गडी आळीपाळीनं पंप मारत होते. साहेब आले, पेटी वाजली, गुलाबदाणी फिरली. मेमसाहेबांनी गोंड्याच्या दोरीबद्दल विचारलं. रावसाहेबांनी ती ओढून दाखवली. मागे लांबवर घंटा वाजली आणि थोड्या वेळानं माजघराच्या पडद्याआड अक्का येऊन उभी राहिली, हाताला पीठ, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, काय हवं ते विचारायला. काही नको होतं. ती परत गेली. मग साहेबांनी ओढून पाहिली. ती पुन्हा आली. मग कचेरीतल्या एकेका पाहुण्याला ती गंमत बघायची होती. दर खेपेला घंटा वाजे, दर खेपेला ती कढई उतरवून, हात झटकून येई, कारण एखादी खेप खरी असली आणि ती आली नाही तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. शेवटी मी आत गेलो आणि तिला म्हटलं, आता उठू नकोस, ते खेळताहेत. तिनं विचारलं, सगळेच? मी हो म्हटलं. त्या क्षणी मला बाहेर जाऊन रावसाहेबांचा गळा धरावासा वाटला. मी धरला नाही. मी गड्यांना ओरडून पंप जोरात मारायला सांगितलं, कारण बगळा मलूल झाला होता आणि रावसाहेब माझ्याकडे बघत होते.

पानसुपारी झाली. मग पावसाळा आला, चातुर्मासात चुलीच्या जागेला हात लावू नये असं सासूबाईंनी काढलं. दिवाळीला रावसाहेबांचे पाहुणे कारंजं बघायला येणार होते. मी म्हटलं, निदान एखादा आचारी ठेवा, सोवळ्यातला ब्राह्मण मिळतो, अक्काला चुलीपासून उठू तरी द्या. ते म्हणाले, एवढ्या खर्चानंतर आचारी परवडायचा कसा. हे ते मला सोडावाटर करायच्या यंत्राचं खोकं फोडता फोडता सांगत होते. ते यंत्र लिलावातून नुकतंच आलेलं. त्यातून आलेलं पाणी आळीतला एकही माणूस प्यायला नाही, विलायती म्हणून.

मग मी अक्काला कल्याणला न्यायचं काढलं. माहेरी येऊ दे, दोन-चार महिने डोळ्यांना विसावा मिळेल. सासूबाई म्हणाल्या, "आमचा सगळा जन्म याच चुलीपुढे गेला. आमचे नाही गेले डोळे." आणि स्वयंपाक कोण करणार, हे रावसाहेबांनी विचारलं, तेही अगदी मनापासून, जसं काही हे कोडं सोडवायला त्यांना माझी मदत हवी होती. अक्काला विचारायला गेलो तर ती निघायला तयार होती, बोचकंसुद्धा बांधून ठेवलं होतं. मी तिला खाली मान घालून सांगितलं की नाही म्हणतात. तिनं बोचकं सोडलं आणि एकेक लुगडं झटकून पुन्हा दांडीवर टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका डोळ्यात फूल पडलं. डॉक्टरांनी रावसाहेबांशी बोलणंच सोडलं. मला बाजूला घेऊन म्हणाले की दुसराही जाणार. गेला. एकदम नव्हे, हळूहळू, चुलीपुढे बसूनच. ती अंदाजानं भाकऱ्या थापायची, हाताला चटके घ्यायची, मीठ दोनदा पडलं तर सासूबाईंचं बोलणं खायची. शेवटी एके दिवशी तिनं उकळतं आधण पायावर घेतलं तेव्हा तिला चुलीवरून उठवण्यात आलं. त्यासाठी तिला आंधळं व्हावं लागलं.

ती घरात वावरायची ती त्या घंटेच्या तारेला धरून. स्वयंपाकघरापासून बोळातून माजघरापर्यंत तार छातीशी होतीच, तिनं हात ठेवला की वाट सापडायची. पण हात पडला की मागे घंटा किणकिणे. सबंध दिवसभर ती घंटा वाजत असे आणि स्वयंपाकघरात कोणीही नसे. रावसाहेबांनी मला विचारलं, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही, त्या तारेवर लाकडी पट्टी मारता येईल का. मी म्हटलं, येणार नाही. तेवढंच एक मी त्या घरात नाकारलं, आणि नंतर त्या घरात जाणं सोडलं.

मूलबाळ नव्हतं, हे लोकांना सांगायचं कारण. चुलीपुढे माणूस नव्हतं, हे खरं कारण. रावसाहेब दुसऱ्या लग्नाला उभे राहिले. मुलगी कल्याणच्या एका वकिलांची, माझ्या पुतणीच्या वयाची. वकील वजनदार होते, आणि लग्न ठरण्याआधी घर बघायला म्हणून ठाण्याला आले. दिवाणखान्यात त्यांना घड्याळ दाखवलं, पेटी ऐकवली, बगळा उडवून दाखवला. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, आता स्वयंपाकघर दाखवा. दारातून दोन पावलं आत गेले, तेव्हा तिथे सासूबाईंची कोणी लांबची भाची रांधत होती, आणि बाहेर आले ते उपरण्यानं डोळे पुसत. मुलीला या धुरात बसवणार नाही, म्हणाले. याची व्यवस्था होत असेल तर पुढचं बोलू.

ही हकिकत मला आख्ख्या कल्याणनं सांगितली. आणि आठ दिवसांत अक्काचा निरोप आला. शेजारच्या एका बाईकडून तिनं कळवलं होतं, की टाकी हलवायची आहे, तुझ्याशिवाय कोणाच्या हातून करून घेऊ नका म्हणून मी यांना सांगितलं आहे, येऊन नीट करून दे. जायचं नाही असंच ठरवलं. मग पहिल्या गाडीनं गेलो.

टाक्या उतरवणारी माझी खात्यातली माणसं बरोबर नेली. सकाळी पहार घातली आणि दुपारच्या जेवणापर्यंत टाकी गोठ्यावर बसली होती. तिथे ती चांगली बसली, जशी बसेल असं मी म्हटलं होतं. गच्ची फोडल्यावर आत उजेड पडला, आणि काजळीनं काळ्या झालेल्या भिंतीवर माझी गेरूची रेघ सापडली. त्याच रेघेवर गवंड्यानं विटा चढवल्या. कारंजं सुरू करून पाहिलं. बगळ्याच्या चोचीतलं पाणी वीतभर खाली आलं होतं. रावसाहेबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, फारसा फरक वाटत नाही, नाही का. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यात काहीच नव्हतं. त्यांना खरोखरच फरक वाटत नव्हता.

लग्न झालं. त्यानंतर एकदाच मी धुराडं नीट ओढतं की नाही ते बघायला गेलो. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या, म्हणून मला चौकटीत उभं राहता आलं. ती मुलगी चुलीपुढे बसली होती, नऊवारीचा बोंगा सावरत. घंटा किणकिणली आणि बोळातून तारेवर हात ठेवत अक्का आली. मुलीनं तिला पाट दिला. अक्का बसली, चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला तेव्हा तिनं सवयीनं तोंड फिरवलं आणि पदर नाकाला लावला. मग हळूच पदर काढला. तोंड पुन्हा चुलीकडे केलं. श्वास घेऊन पाहिला.

"जातोय का रे?" तिनं विचारलं.

"जातोय."

"सगळा?"

"सगळा."

तिनं हात पुढे करून भिंत चाचपली, विटा लागल्या तिथे थांबली, आणि तळवा वर जाईल तितका वर सरकवत नेला. हात पुरेना तेव्हा खाली घेतला.

"एवढंच काम होतं?"

मी म्हटलं, "एवढंच."

मुलगी फुंकणी हातात धरून एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात दिवाणखान्यात कोणीतरी दोरी ओढली आणि आमच्या डोक्याशी घंटा वाजली. मुलगी दचकून उठली. तिच्याआधी अक्का उठली होती.